सीत्स्केला झेपेल अशी गाडी

सीत्स्केच्या पायाला भिंगरी आहे, हे गावात सगळ्यांना ठाऊक. तीस वर्षं ती सायकलवरून घरोघर जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांना आंघोळ घालायची, त्यांच्या सुजलेल्या पायांवर डॉक्टरांनी दिलेले घट्ट मोजे चढवायची, कुणी दिलेली कॉफी उभ्यानंच प्यायची आणि पुढच्या घरी निघायची. निवृत्त झाली तरी तिला बसणं काही जमलं नाही. चर्चच्या बाकावर तेवढी ती तासभर स्वस्थ असते, आणि तिथेही तिच्या बुटाचा चवडा हलत असतो, असं तिचा नवरा डाउवे सांगतो.

तो डाउवे मात्र यंदा नुसता खिडकीपाशी बसून होता. जन्मभर त्यानं दुधाचा टँकर चालवला, तोही मागे दुसरी टाकी जोडलेला. कालव्याकाठच्या अरुंद रस्त्यांवरून ते धूड घेऊन तो गोठ्याच्या अंगणात शिरायचा आणि एका दमात मागे घेऊन लावायचा. आता त्याच्या दोन्ही डोळ्यांत, नजरेच्या मधोमध, डाग पडला होता. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, तोंड दिसायचं नाही. डॉक्टरीणबाईंनी गाडी चालवणं बंद करायला लावलं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आणखी किती नजर जाईल ते सांगता येत नाही, असंही त्या म्हणाल्या.

दर उन्हाळ्यात ही दोघं आपली छोटी कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, गाडीला जोडून फ्रान्सला जात. तीच आर्देश नदी, तोच मुक्कामाचा तळ, तीच झाडं. यंदा डाउवेनं नदीचं नावही काढलं नाही. कॅराव्हॅन उगाच शेतकऱ्याच्या कोठारात जागा अडवून आहे, विकून टाकू, एवढंच तो एकदा जेवताना म्हणाला. त्या क्षणी सीत्स्केनं ठरवलं की यंदा जायचंच. पुढच्या वर्षी नदी असेल, पण ती बघायला डाउवेकडे काय उरेल कुणास ठाऊक. गाडी मी चालवीन, ती म्हणाली. तिनं उभ्या आयुष्यात मागे काही जोडून गाडी चालवली नव्हती. लायसन्सच मुळी बेताळिशीत काढलेलं, तेही तिसऱ्या परीक्षेला.

डाउवे तयार झाला, पण एका अटीवर. कॅराव्हॅन ओढणारी त्यांची जुनी गाडी हिवाळ्यातच मोडीत गेली होती. नवी कुठली घ्यायची ते तो ठरवणार.

त्यांची मुलगी निन्के शहरातून फोनवर सांगत होती, की छोटी विजेवरची घ्या, हल्ली मोठी गाडी कोण ठेवतं. डाउवेनं चौकशी केली तर त्या गाडीच्या मागे दोन सायकली टांगायची तेवढी परवानगी. "तिला कॅराव्हॅन लावली तर कॅराव्हॅनच तिला फिरवून आणेल," तो म्हणाला आणि तो विषय मिटला.

मग एका शुक्रवारी सीत्स्के बाजारातून आली तर डाउवे दारातच उभा. तळहात लालबुंद, चेहरा कित्येक महिन्यांत नव्हता इतका खुललेला. घोड्यांचा व्यापारी रूर्ड याच्याकडे तो गेला होता आणि रूर्डची, घोड्यांचा ट्रेलर ओढायची मोठी डिझेल गाडी ठरवून आला होता. रूर्डच्या अंगणात बोली तोंडानं सांगायची आणि त्याच वेळी समोरच्याच्या तळहातावर टाळी मारायची. दुसऱ्यानं आपली बोली सांगून टाळी परत करायची. असं करता करता ज्या टाळीला हात सुटत नाही तिथे सौदा पक्का. मग कागद झाला काय न झाला काय, टाळीवरून कुणी मागे फिरत नाही. फिरलाच तर चर्चबाहेरच्या गप्पांत माणसं त्याच्यापासून थोडं अंतर ठेवून उभी राहतात.

"वारा सोड, शेजारून ट्रक गेला तरी हलायची नाही," डाउवे सांगत होता. "अशी गाडी पुढे असली की मागचं ओझं गुमान मागेच राहतं."

सीत्स्केनं गाडी जाऊन पाहिली. चढताना दांडी धरून स्वतःला वर ओढावं लागलं. आत बसल्यावर नाक कुठे संपतं ते दिसेना, आणि आरशात घोड्याच्या केसांचा एक पुंजका अडकलेला. ही आपल्याला आवरायची नाही, असं तिला वाटलं. पण डाउवे त्या दिवशी जेवताना इतकं बोलला की तिनं ते सांगायचं टाळलं. शिकून घेऊ, तिनं मनाशी म्हटलं.

शिकायचं म्हणून शनिवारी ती आपल्या जुन्या ड्रायव्हिंगच्या मास्तरांकडे गेली. मास्तर आता थकलेत, पण कॅराव्हॅन लावून दोन फेऱ्या मारू म्हणाले. गाडी कुठली ते त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं. त्यांनी तिचं लायसन्स मागून घेतलं.

त्यांनी सांगितलं ते असं. तिचं लायसन्स साधं. त्यावर गाडी आणि मागची कॅराव्हॅन मिळून साडेतीन टनांच्या वर जाता येत नाही. आणि हे वजन प्रत्यक्ष भरलेलं नव्हे, कागदावर दोघांना जास्तीत जास्त जेवढं लिहिलेलं असतं तेवढं. रूर्डची गाडी एकटीच अडीच टनांची. त्यावर कॅराव्हॅनचे तेराशे किलो. रिकामी नेलीस तरी तू गुन्ह्यात, मास्तर म्हणाले. वरच्या लायसन्सची परीक्षा द्यायची तर तारीख उन्हाळा सरल्यावरची.

"डाउवे एवढा मुरलेला ड्रायव्हर. त्याच्या कसं लक्षात आलं नाही?" मास्तरांनी विचारलं.

कसं ते सीत्स्केला घरी येता येताच कळलं. डाउवेकडे ट्रकचं लायसन्स. त्याला कधी कुठला आकडा आडवा आलाच नव्हता. मोठ्यात मोठी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी, हा त्याचा हिशेब बरोबरच होता. फक्त त्या हिशेबात चाकामागे अजून तोच बसलेला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. देवाच्या दिवशी व्यवहाराचं बोलायचं नाही, त्यामुळे रूर्ड दोन बाकं पुढे बसलेला असूनही त्याला काही सांगता येईना. त्यानं वळून डाउवेकडे बघत गमतीनं तळहात वर केला. डाउवेला तो दिसला नाही. सीत्स्केच्या कानांवरून सगळं प्रवचन वाहून गेलं. देवा, हा दिवस तेवढा लवकर सरू दे, एवढीच तिची प्रार्थना झाली. जेवण झाल्यावर ती कालव्याला चक्कर मारून आली, परत आली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा डाउवेही कोट घालून बरोबर निघाला, आणि पुलावर तिनं त्याला सांगून टाकलं.

तो आधी मास्तरांवर चिडला. मग म्हणाला, मी शब्द दिलाय.

"मग तू चालव," सीत्स्के म्हणाली.

तोंडून निघून गेलं. परत घेता येण्यासारखं नव्हतं. डाउवे तिथूनच माघारी वळला, आणि संध्याकाळच्या सूपापर्यंत पुन्हा खिडकीपाशी बसून राहिला.

सोमवारी सकाळीच ती एकटी रूर्डकडे गेली. तो घोडीला खरारा करत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि खरारा न थांबवता म्हणाला, "सीत्स्के, टाळी काय तुझ्याशी झाली माझी? डाउवेशी झाली. त्याला येऊ दे."

ती तणतणत घरी आली. रूर्डला ओळखते मी, तिनं ऐकवलं, एका गाडीसाठी अडून बसलाय. पण मनातून तिला माहीत होतं की रीतीप्रमाणे त्याचं बरोबर आहे. डाउवेनं खुर्चीवरून उठून कोट शोधला. वाटेत ती एक पाऊल मागे चालत होती. हात धरावा असं वाटत होतं आणि धरला तर तो झटकेल अशी भीती.

रूर्डनं लांबूनच आवाज दिला, "काय रे, हल्ली बायकोला पाठवतोस होय?"

"मला दिसत नाही, रूर्ड."

"चष्मा बदल की. वय झालं आपलं."

"चष्म्याचं नाही." डाउवे त्याच्या कानाकडे बघत बोलत होता. "तू आत्ता हसतोयस की नाही, ते मला कळत नाहीये. गाडी मी चालवणार नाही, ती चालवणार. तुझी गाडी तिच्या लायसन्सात बसत नाही. टाळी देण्याआधी तिला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही."

गावात हे त्यानं कुणालाच सांगितलेलं नव्हतं. निन्केलासुद्धा अर्धंच. रूर्डनं खरारा कुंपणावर ठेवला, हात पँटला पुसला आणि डाउवेचा हात उचलून आपल्या तळहातावर नुसता टेकवला. आवाज झाला नाही. मग सोडून दिला.

"सुटली," तो म्हणाला. "तसाही भाव तू फारच पाडला होतास. मला बायको ओरडली."

त्यानंतर गाडी बघायला दोघं जवळच्या बोल्सवर्ड शहरात गेली. आता बोलणं डाउवेचं आणि निवड सीत्स्केची. तो इंजिनाची चौकशी करायचा, ती आधी विचारायची की ही स्वतः किती वजनाची, किती ओढायची परवानगी आहे, आणि माझ्या लायसन्सात दोन्ही मिळून बसतात का. एक गाडी एवढी हलकी होती की भरलेली कॅराव्हॅन तिच्याहून जड झाली असती. ती सोडली. एक जड होती, तीही सोडली. शेवटी लांबट पाठीची एक मध्यम गाडी मिळाली. भरल्या कॅराव्हॅनपेक्षा चांगली जड, तरी कागदावर दोन्ही मिळून साडेतीन टनांच्या आत, आणि सीटवर बसलं की सीत्स्केचा पाय पेडलपर्यंत नीट पोचत होता. डाउवेनं पुढच्या पत्र्यावर टिचकी मारली.

"हलकी वाटते."

"मला झेपेल एवढीच आहे."

खरं भांडण झालं ते बटाट्यांवरून. फ्रान्सला जाताना डाउवे आपल्या वाफ्यातले बटाटे पोत्यांनी नेत असे. शिवाय कॉफी, शेंगदाण्याचं लोणी, तीन आठवड्यांचं सगळं. परक्या बटाट्यावर त्याचा विश्वास नव्हता. पोती तो कॅराव्हॅनच्या मागच्या बाकाखाली ठेवायचा, कारण टँकर चालवणाऱ्याला तेवढं ओझं म्हणजे काहीच नाही. वजनकाट्यावर कॅराव्हॅन नेली तेव्हा ती परवानगीच्या वर गेली. सीत्स्केनं पोती बाहेर काढली. फ्रेंच लोकही जिवंत आहेत, ती म्हणाली, तेही बटाटेच खातात. शेवटी एका पिशवीवर तडजोड झाली, आणि ती पिशवी मधोमध, चाकांच्या वर, म्हणजे कॅराव्हॅनची शेपूट डोलायला नको.

एका बुधवारी ती पहिल्यांदा कॅराव्हॅन जोडून समुद्रात या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत घातलेल्या लांब बांधावरच्या रस्त्याला गेली. बांधाच्या मध्यावर वळायला जागा आहे, तिथपर्यंत जाऊन परत यायचं ठरलं होतं. दोन्ही बाजूंना लांबवलेले आरसे लावलेले, डाउवे शेजारी. वारा आडवा होता. ऐंशीच्या वर जायचं नाही असं तिनं आधीच बजावून ठेवलं होतं, डाउवेला नव्हे, स्वतःला. शेजारून मोठा ट्रक सुसाटत गेला आणि कॅराव्हॅन मागे डोलली. एकदा इकडे, एकदा तिकडे, मग जास्तच.

"पाय काढ," डाउवे म्हणाला. त्याला ते पाठीत कळलं होतं. "वेग उतरू दे. चाक सरळ धर, तिच्याशी भांडू नकोस."

तिनं पाय काढला. कॅराव्हॅन आणखी दोनदा डोलली आणि वठणीवर आली. मागून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. देवाचं नाव तिच्या ओठांवर होतं, पण पुढचे शब्द आठवेनात.

डाउवे सांगतच होता. वाऱ्याला आता तोंड कसं द्यायचं, ट्रक आला की आधीच कसं ओळखायचं, टँकरच्या वेळी काय व्हायचं.

"डाउवे, आता गप्प बस."

तो गप्प बसला. तिचे खांदे हळूहळू खाली आले. पुढचा ट्रक आला तेव्हा तिनं आपणहून वेग थोडा उतरवला, धक्का आला, गेला. वळायच्या जागेची पाटी आली आणि मागे पडली.

"इथे वळायचं होतं ना?" इंजिनाचा आवाज उतरला नाही, त्यावरून डाउवेनं ओळखलं होतं.

"होतं."

"मग?"

"पुढे आहे एक."

"ती पार पलीकडच्या किनाऱ्याला."

"माहीत आहे मला," सीत्स्के म्हणाली.

डाउवेनं खिशात चाचपून पेपरमिंटची गोळी काढली, कागद सोडवला आणि हात पुढे करून अंदाजानं तिचं तोंड शोधलं. आधी ती तिच्या गालाला लागली. तिनं मान न वळवता, नजर रस्त्यावरून न काढता तोंड उघडलं.