टक्केबाईंचे पाच टक्के

बाईंचं खरं नाव लावलेलं असायचं फक्त दारावरच्या पाटीवर, आणि ती पाटी कुणी वाचत नसे. साऱ्या शहरात त्या टक्केबाई. चष्म्यांच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत पालकांसाठी लांबलचक बाक, आतल्या खोलीत टेबल, चार खुर्च्या आणि फिरण्यापेक्षा कुरकुर जास्त करणारा पंखा. पोराला मोठ्या विद्यापीठाची स्वप्नं पडू लागली की घरचे त्याला धरून इथे आणत. बाई गुणपत्रिका बघत, पोराला बोलतं करत आणि तासाभराने प्रवेशाच्या शक्यतेचा आकडा सांगत. चाळीस टक्के. पंधरा टक्के. एकदा तर एका डॉक्टरांच्या चिरंजीवांना ‘अर्धा टक्का, तोही बापाच्या गाडीचा’ असं सांगून मोकळ्या झाल्या होत्या. डॉक्टरांच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की ते जिन्यावरून उतरताना छत्री विसरले, आणि ती न्यायला परत आले नाहीत.

त्यांचा एक नियम मात्र दगडावरची रेघ होता. पालक बाहेर! कारण काय, तर पालक आत असला की पोराला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तोच देतो. ‘तुला काय आवडतं रे?’ म्हटलं की आई म्हणणार, ‘त्याला ना, वाचनाची भारी आवड!’ आणि पोरगं बिचारं पंख्याकडे बघत बसणार. बाई या आईबापांची नक्कल इतकी झकास करत की त्यांच्या हाताखालच्या धाकट्या बाई हसून हसून टेबलावर डोकं टेकत. या धाकट्या बाई म्हणजे त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. आकडा फुगवायचा नाही आणि आटवायचाही नाही, हा धडा तिला बाईंनीच गिरवायला लावला होता.

आता असं बघा, जगाच्या पोरांचे टक्के काढणाऱ्या बाईंच्या घरातही एक पोर होतीच. सतत किलबिलाट, तोही वरच्या पट्टीत, म्हणून तिला सगळे टिटवी म्हणत. वडील जहाजावर, वर्षातले थोडे महिने घरी, बाकीचे समुद्रावर. म्हणजे घरात खऱ्या अर्थाने माणसं दोनच, आणि त्यांतलं एक दोघांच्या वाटचं बोलायचं.

तर या टिटवीने एके संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन जाहीर केलं, की तिला दूरच्या त्या बड्या विद्यापीठात अर्ज करायचाय. शंभरातली जेमतेम पाच पोरं घेतात, तेच ते! त्यात मेख अशी की पहिल्या फेरीत एकाच ठिकाणी अर्ज चालतो. तिथे केला की गावातल्या कॉलेजची हक्काची जागा हातची जाणार. ते कॉलेज घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. दुपारी घरी येऊन जेवता येईल, असा बाईंचा केव्हापासूनचा बेत.

“सांग ना आई, माझी शक्यता किती?”

बाई कांदा चिरत होत्या. “पाच टक्के,” त्या म्हणाल्या, आणि कांदा पुढे चिरू लागल्या.

टिटवी चक्क गप्प बसली. तिथेच बाईंनी सावध व्हायला हवं होतं.

दोन दिवसांनी सकाळी बाईंनी ऑफिसात पहिल्या मुलाला आत बोलवलं, तर दारात टिटवी! केस चापूनचोपून बसवलेले, हातात गुणपत्रिका.

“हे काय गं?”

“वेळ घेतलीय. रीतसर. धाकट्या मावशींकडून.”

धाकट्या बाईंनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

“अगं, पण तुला सांगितलं ना मी घरी?”

“पाच टक्के ना? तिथे अर्ज करणाऱ्या कुणालाही पाच टक्केच असतात, आई. खालच्या चष्मेवाल्या काकांनी केला तर त्यांनाही पाचच. म्हणजे तू माझ्याकडे बघितलंच नाहीस. बाकीच्या पोरांना तू तास देतेस, आणि मला अर्धा कांदा!”

बाईंनी टेबलावरची पेन्सिल उचलून उगाच दुसरीकडे ठेवली. शेवटी धाकट्या बाईंनीच सुरुवात केली. “बरं, मग तू सोसायटीच्या लिफ्टचा अभ्यास केलास म्हणे, तो काय?”

“ते होय!” बाई म्हणाल्या. “तसं काही विशेष नाही त्यात. लहान मुलांचा खेळ.”

“आणि रसायनशास्त्रात मध्ये गुण घसरलेत ते?”

“तिला आवडतच नाही तो विषय,” बाई म्हणाल्या. “शिवाय बाहेर राहायची सवय नाही तिला. साधी सर्दी झाली तरी—”

“आई,” टिटवी शांतपणे म्हणाली. “पालक बाहेर.”

बाईंनी धाकटीकडे पाहिलं. काय ती गुणी विद्यार्थिनी! तिने उठून अदबीने दार उघडून धरलं.

बाहेरच्या बाकावर बाई जन्मात कधी बसल्या नव्हत्या. तो इतका टोचतो हेही त्यांना माहीत नव्हतं. शेजारी एक शिंपीदादा बसले होते, प्रथमच आलेले. त्यांच्या लेकीचा नंबर नंतरचा होता, ती खाली चष्मे बघत रेंगाळली होती.

“तुमची आत आहे?” शिंपीदादांनी विचारलं. “सांभाळून हं. आतली बाई भलती खडूस आहे म्हणतात. तोंडावर सांगते.”

“हो का?” बाई म्हणाल्या.

“पण खोटं नाही सांगत. म्हणून तर आलो. घरात मला कुणी विचारलं तर मी सांगणार, माझी पोरगी जगात पहिली. नाहीतर सांगणार, कशाला जातेस बाई इतक्या लांब, इथेच राहा. बापाच्या जिभेचा काय भरवसा?” आणि ते आपल्याच विनोदावर खो खो हसले.

बाईंना हसू आलं नाही. दारापलीकडून लेकीचा आवाज येत होता, शब्द मात्र कळत नव्हते. मध्येच धाकटी खळखळून हसली. कशाला हसली असेल? उद्या ही पोर गेली की स्वयंपाकघरात असा आवाज येणार नाही, हे त्यांना त्या दिवशी कांदा चिरतानाच दिसलं होतं. म्हणून तर जीभ घसरली. जगाला खरं सांगणारी बाई, आणि घरच्या पोरीच्या तोंडाला पानं पुसली! शरमेने त्यांचे कान तापले.

दार उघडलं. धाकट्या बाई बाहेर आल्या, मागून टिटवी. बाई उठून उभ्या राहिल्या, बाकावरचे सगळेच पालक राहतात तशा.

“वीस टक्के,” धाकट्या बाई म्हणाल्या.

म्हणजे ऐंशी टक्के पोर घरातच राहणार. खरं तर बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता.

“वीसच?” बाई कडाडल्या. “का म्हणून वीस? काय कमी आहे गं माझ्या मुलीत? लिफ्टचं विचारलंस ना नीट? रिकामी लिफ्ट कुठल्या मजल्यावर थांबवली तर लोकांचा खोळंबा कमी होईल, हे हिने महिनाभर जिन्यात बसून टिपून काढलं! सोसायटीतली सगळी मोठी माणसं हसली हिला, तरी मागे हटली नाही. शेवटी झक मारत तिसऱ्या मजल्यावर ठेवतात आता. आणि रसायनशास्त्राचं म्हणशील, तर त्या वर्षी मी दोन महिने आजारी होते. घर कोण बघत होतं? हीच! हे सांगितलं तिने? नाही ना सांगितलं? ती नाहीच सांगायची!”

शिंपीदादा तोंड उघडं ठेवून बघत होते. टिटवीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आईच्या तोंडून यातलं एक अक्षरही तिने आजवर ऐकलं नव्हतं.

“मग पाच का म्हणालीस गं?”

“तू जाऊ नयेस म्हणून,” बाई म्हणाल्या. “दुसरं काय? खोटं बोलले मी.”

मग टिटवीने नाक पुसलं. “आता भरू का अर्ज?”

“भर. आजच भर. आणि माझ्या आजारपणाचं लिही त्यात, लाजू नकोस.” बाईंनी पदराने डोळे टिपले. “पण मिळाला प्रवेश, तर निघताना मला स्टेशनवर ‘आई, रडू नकोस’ म्हणायचं नाही. मी रडणार.”