लेकीनं धरलेला हात

वडिलांच्या आजारपणात मी येशूजवळ हट्ट धरला होता, आणि तरी ते गेले. त्यानंतरची आठ वर्षं केडगावच्या आमच्या छोट्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी दर रविवारी बसले, पण ती आईला सोबत म्हणून. आंधळ्याला दृष्टी मिळाली, लंगडा चालू लागला, हे वाचन सुरू झालं की मी खिडकीबाहेर बघायची. देवाशी अबोलाच धरला होता म्हणा ना. मग आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिचा उजवा हात लुळा पडला.

मागच्या वर्षी आजाऱ्यांसाठी प्रार्थनासभा ठेवली होती. मांडव गच्च भरला होता, आसपासच्या गावांतली हिंदू शेतकरी मंडळीही आली होती. बाहेरगावाहून आलेल्या पाळकांनी आईच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि तिला हात वर करायला सांगितलं. तिचा खांदा थरथरला, पण हात जागचा हलेना. सगळे टक लावून बघत होते. आता म्हणतील, म्हातारीचा विश्वासच कमी पडला! ते मला सोसवेना. मी तिच्या मागेच उभी होते. पदराआडून तिचं कोपर धरलं आणि वर उचललं. चमत्कारावर काडीचा विश्वास नसलेल्या बाईनं भर मांडवात चमत्कार करून दाखवला. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि साक्ष देण्यासाठी पाळकांनी आईपुढे माईक धरला.

आई शांतपणे म्हणाली, "हात माझ्या लेकीनं धरलाय. तिनं सोडला की पडंल. येशू बरं करतो ह्यावर माझा इस्वास हाय, पन मला अजून केलं न्हाई. त्याच्या नावावर मी खोटं कसं बोलू?"

मी कोपर सोडलं. हात खाली पडला. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं, आणि त्याच वेळी आईच्या अभिमानानं ऊर भरून आला. पाळक भला माणूस. त्यांनी माईक बाजूला ठेवून तिला हात जोडले.

सभा सुटल्यावर एक अनोळखी बाई जवळ आली. खुटबावची, घरी भाजीपाल्याची शेती, कपाळाला ठसठशीत कुंकू. तिच्या सासऱ्यांनाही असाच झटका आला होता, आणि दौंडच्या डॉक्टरांकडून शिकून तिनं वर्षभर त्यांच्या हाताचा व्यायाम करून घेतला होता. "मावशी, तुम्ही खरं बोलला म्हनून आले," ती म्हणाली. "हात उठला आसता तर मी बी टाळ्या वाजवून घरी गेले आसते."

दुसऱ्या दिवसापासून ती स्कूटीवरून येऊ लागली. आईनं कंटाळा केला की सासूसारखी दटावायची. सात महिन्यांनी आईनं आपली वेणी आपण घातली. चांगली वाकडी झाली होती, पण तिनं मला हात लावू दिला नाही. हे तर व्यायामानं झालं, ह्यात येशूनं काय केलं, असं मीच तिला विचारलं. ती म्हणाली, "आन् त्या बाईला कुनी धाडली?"

वडील का गेले, ते मला आजही कळत नाही. पण अबोला सुटला आहे. मी मागते, रडते, आणि देवाचं काम देवावर सोडते. त्याची लाज राखायला मधे मधे करत नाही. मंडळीत कुणी नवीन माणूस विचारतो, मांडवात खरं बोलली ती म्हातारी कोण? मी पुढच्या ओळीकडे बोट दाखवते आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगते, ती माझी आई.