हळू हाताच्या जाधवबाई

डॉक्टर जाधवबाई तोंड तपासण्याआधी पेशंटला विचारायच्या, "याआधी हात कुणी लावलाय?" सांगितलेलं नाव त्या कार्डाच्या कोपऱ्यात लाल पेनाने लिहायच्या. मी सीवूड्सच्या एका मोठ्या डॉक्टरांचं नाव सांगितलं, तेव्हा त्यांनी पेनाला टोपण लावलं. "हे मला पाठ आहे," म्हणाल्या.

मी तेव्हा वीस वर्षांची होते. सोळाव्या वर्षापर्यंत माझा वरचा एक दुधाचा सुळा पडलाच नव्हता. त्या मोठ्या डॉक्टरांनी एक्स-रे न काढता तो उपटला, आत पक्का दात जन्मतःच नाही असं सांगितलं आणि शेजारचे दोन चांगले दात घासून तिथे खोट्या दाताचा ब्रिज बसवला. आईने उपटलेला दात मागितला. आमच्या खाडीकाठच्या गावात दुधाचा दात कौलावर टाकून उंदराकडे नवा मागतात. डॉक्टर हसले. दात कचऱ्याच्या डब्यात गेला होता. पुढची चार वर्षं आई सगळ्यांना सांगत राहिली, "माजीच चूक हाय. मी उंदराला दात दिला नाय, म्हनून पोरीला आला नाय." ते हसणं मी विसरले नाही.

मग तोंडात टाळूला दुखायला लागलं म्हणून जाधवबाईंकडे गेले. त्यांनी एक्स-रे काढला. सुळा होता. टाळूत आडवा, अख्खा, धडधाकट.

"दोन चांगले दात घासले मेल्यानं," बाई म्हणाल्या. साताऱ्याची बोली त्यांच्या तोंडून फक्त संतापल्यावर निघायची. "आता ह्यो दात म्या खाली आणनारच. बघच तू."

बाईंनी सहा वर्षं त्याच डॉक्टरांकडे नोकरी केली होती. एक्स-रे बघितल्याशिवाय बाई कुठल्याच दाताला हात लावत नसत. "बाईंचा हात हळू आहे," असं पेशंटसमोर म्हणून डॉक्टरांनी बाईंना काढून टाकलं. बाईंनी नेरूळला एका सोसायटीच्या तळमजल्यावर दवाखाना टाकला आणि तो राग लोणच्यासारखा मुरवत ठेवला.

त्यांनी माझा ब्रिज काढला, टाळूची हिरडी उघडून सुळ्यावर नाजूक साखळी चिकटवली आणि ती तारेला बांधली. दर महिन्याला किंचित ओढ. एकदा मी कंटाळून म्हटलं, "जरा जोरात ओढा ना."

"जोरात ओढलं तर मूळ झिजतं. मला दात पाहिजे आणि तो माणूसही पाहिजे. दोन्हीला घाई चालत नाही."

दर तीन महिन्यांनी बाई माझ्या दातांचे प्लास्टरचे दोन साचे करायच्या. एक बाहेरच्या खोलीतल्या फळीवर ठेवायचा, दुसरा मिठाईच्या खोक्यात घालून सीवूड्सला पाठवायचा. सोबत चिठ्ठी नाही, फक्त माझं नाव. असे सात साचे गेले. उत्तर एकदाही आलं नाही. खोटं कशाला बोलू, दात खाली येताना व्हायचा त्याहून जास्त आनंद मला ते खोकं जाताना व्हायचा.

माझ्या तारा निघाल्या त्या दिवशी आई बाहेर बसली होती. मी बाहेर आले तर समोर तेच डॉक्टर, सोबत त्यांची तेरा वर्षांची मुलगी. तिचाही सुळा आत अडकलेला. हे काम कुणाला जमतं, हे साचे बघूनच त्यांना कळलं होतं. बाई त्यांना हाकलतील म्हणून मी वाट बघत उभी राहिले.

बाईंनी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. "येईल तुझा दात, बाळा." मी आतल्या आत चरफडले. मग त्या मला म्हणाल्या, "हस." मी सगळे दात दाखवून हसले.

"डॉक्टर, हिच्या आईला सांगा. दात होता की नव्हता?"

त्यांनी मुलीकडे बघितलं, फळीकडे बघितलं. "होता."

"परत सांगा. त्यांना ऐकू आलं नाही."

"होता. चूक माझी झाली."

आईने माझा सुळा निरखून बघितला. मग म्हणाली, "म्हंजे उंदराचा काय दोस नवता." या वेळी डॉक्टर हसले नाहीत.

त्या मुलीचा दात बाईंनी नीट खाली आणला, सावकाश. तेवढा काळ तिचा बाप दर महिन्याला बाहेर माझ्या साच्यांसमोर बसत राहिला. बाई गेल्या वर्षी गेल्या. शेवटचा साचा मी मागून आणला. तो आईने देव्हाऱ्याशेजारी ठेवलाय. त्या माणसाला मी माफ केलेलं नाही. बाईंनी तसं करायला कधी सांगितलंही नाही.