अण्णांच्या गाडीला आलेला ताप

६ ऑक्टोबर, सोमवार. आजचे पहिले काम, परवा येणाऱ्या तीन पाहुण्यांसाठी गाडी ठरवणे. विमानतळावरून बेळ्ळंदूरला आमच्या कंपनीत, तिथून हेब्बाळला ग्राहकाकडे, संध्याकाळी परत विमानतळ. अॅपमध्ये सगळे भरून झाले. शेवटी एक रकाना होता, 'चालकाविषयी विशेष सूचना'. मी सवयीने लिहिले, 'चालकाने चपला काढल्या तरी पाहुण्यांनी बूट काढू नयेत.' मग पुसले. ती सूचना आमच्या नेहमीच्या चालकापुरती, अण्णांपुरती होती आणि अण्णा आता नाहीत.

दुसरे काम, टेबलाखाली येणाऱ्या एसीच्या झोताची तक्रार. त्याने माझ्या पायांना मुंग्या येतात. ही तिसरी तक्रार. एसीवाला दोनदा येऊन, गुडघ्यावर बसून, तिथे वारा येतच नाही असे सांगून गेला. लोकांना काम करायचे नसले की ते असेच सांगतात.

अण्णा गाडी अनवाणी चालवत. दाराशी चपला काढायच्या, दाराला हात लावून तो डोळ्यांना लावायचा आणि मग आत बसायचे. चपला पिशवीत घालून डिकीत. "देव्हाऱ्यात कुणी चपला घालून जातं का, अक्का?" गाडी पांढरी, सात जणांची. मालक तेच, चालक तेच, धुणारेही तेच. त्यांचे मराठी घराणे शेकडो वर्षांपूर्वी इकडे आलेले, मी पुण्याहून वीस वर्षांपूर्वी. पहिल्याच आठवड्यात ते मला म्हणाले होते, "स्वल्प हळू बोला अक्का, बातम्या लावल्यासारखं होतंय."

पाहुण्यांना चपला काढायची सक्ती नव्हती. पण जर्मनीहून आलेल्या एका साहेबांनी अण्णांचे बघितले, इथली रीत असावी असे समजून आपले बूट काढले आणि आमच्या फाटकाशी जोडीने नीट ठेवून गाडीत बसले. हेब्बाळला उतरताना दोघांच्याही ते लक्षात आले. अण्णांनी डिकीतून स्वतःच्या चपला काढून दिल्या. साहेब त्या घालून बैठकीला गेले. समोरच्या मंडळींना त्यांचा साधेपणा फार भावला आणि करार त्याच दिवशी झाला. बुटांबद्दल मात्र आमच्या वॉचमनने बेवारस वस्तू म्हणून पोलिसांना कळवले होते. तेव्हापासून मी ती सूचना लिहू लागले.

गाडी तापते अशी अण्णांची तक्रार सुरू झाली ती यानंतर वर्षभराने. पेडलांखालून आच येते, तळवे जळतात. आधी त्यांनी पायपुसणी बदलली. मग सायलेन्सर तपासून घेतला. मग गॅरेजच्या मेस्त्रींकडून खाली उष्णता अडवणारा पत्रा ठोकून घेतला. आच कमी होईना. शेवटी ते पेडलांखाली ओले गोणपाट ठेवू लागले आणि मागे बसलेले अधिकारी मला फोन करून विचारू लागले की गाडीत बटाटे होते का.

मेस्त्री प्रामाणिक माणूस. तो स्वतः अनवाणी होऊन चालकाच्या जागेवर बसला, इंजिन चालू ठेवून अर्धा तास बसला आणि तिथेच झोपला. त्याचे पाय गारेगार. अण्णांनी निष्कर्ष काढला, "गाडीला तुझी ओळख नाही."

त्यांना साखर होती हे मला ठाऊक होते. गोळी ते आठवण झाली तर घेत. पाय डॉक्टरांना दाखवा, असे मी दोन-तीनदा सांगितले. त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले. "साखर रक्तात आहे. पायात कशाला उतरेल? पायात तर गाडी आहे." एकदा तर मीही मेस्त्रींना फोन करून गाडीचे पाणी तपासायला सांगितले. माझ्या तोंडून हे कसे निघाले ते मला आजही सांगता येणार नाही.

मग आयुधपूजा आली. त्या दिवशी अण्णांच्या गाडीला झेंडू, चारी चाकांखाली लिंबू, पुढे फुटलेला कोहळा. आमच्या कंपनीतही संगणकांना हळदकुंकू आणि फळ्यावर कागदी तोरणे. तोरणे मीच टाचण्या लावून बसवली होती, त्या गोल डोक्याच्या, पितळी. दुसऱ्या दिवशी अण्णा ड्यूटी स्लिपवर माझी सही घ्यायला वर आले. देव मांडलेल्या जागेला मान म्हणून चपला बाहेर काढून आले. ते चालत होते आणि फरशीवर टक, टक असा आवाज येत होता. माणूस अनवाणी आणि आवाज टाचांच्या बुटाचा.

मी पाय वर करायला सांगितले. उजव्या टाचेत माझी टाचणी डोक्यापर्यंत रुतली होती.

"कधीपासून?" मी विचारले.

अण्णांनी टाच बघितली, माझ्याकडे बघितले. "काय कधीपासून?"

टाचणी आत्ता इथे रुतली असेल, पण ते सकाळपासून त्याच पायाने गाडी चालवत होते. विमानतळ ते बेळ्ळंदूर. मागे आमचे दोन अधिकारी. ब्रेक ज्या पायाने दाबायचा त्या पायाला टाचणी कळत नव्हती. आता प्रश्न फक्त पायाचा नव्हता. अण्णांच्या हातात किल्ली राहणार की नाही, याचा होता. हे दोघांनाही कळले. मी टाचणी काढली, जखम धुतली आणि त्यांना कोरमंगलातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. रिक्षाने.

बाईंनी त्यांना डोळे मिटायला सांगितले. हातात नायलॉनचा एक धागा घेतला. धागा लागला की 'हो' म्हणा, म्हणाल्या. अंगठा, बोटे, चवडा, टाच. मी बघत होते. अण्णा शहाण्या मुलासारखे डोळे मिटून बसले होते. बाईंनी दोन्ही पाय पुरे केले, धागा खाली ठेवला. थोड्या वेळाने अण्णा म्हणाले, "सुरू करा की, डॉक्टर."

"झालं, अण्णा," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी समजावले. साखर वाढलेली राहिली की नसा खराब होतात. अण्णांना ते पटेना. खराब झाल्या तर मग जळतात कशा? आणि जळतात तर टाचणी का कळली नाही? एकाच पायात दोन्ही कसे? बाई कागदावर नसांची चित्रे काढत होत्या. अण्णांनी चित्र बराच वेळ पाहिले आणि एकदम पेन स्वतःच्या हातात घेऊन शेजारी एक लांब तार काढली.

"वायर," ते म्हणाले. "वरचं रबर गेलं की हॉर्न आपोआप वाजतो. आणि दाबला की वाजत नाही."

बाई म्हणाल्या, अगदी तसेच.

"आणि पाय आधी का? सगळ्यात लांबची वायर. गाडीत पण मागचा दिवा आधी लुकलुकतो."

बाईंनी ते लिहून घेतले. आता त्या सगळ्याच रुग्णांना असे सांगतात, असे मी ऐकते. पण त्या वेळी अण्णा आपल्याच चित्राकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. "ब्रेकची वायर अशी असलेली गाडी मी तुमच्या साहेबांना पाठवली असती का, अक्का?"

मी नाही म्हणाले. त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली. "सरी," म्हणाले, म्हणजे ठीक आहे. एवढेच.

गाडी त्यांच्या घरी, सर्जापूर रोडला, मीच नेली. चपला काढून. त्याला पर्याय नव्हता. अण्णा आयुष्यात पहिल्यांदा शेजारच्या जागेवर बसले. त्यांना तिकडचा पट्टा सापडेना. बेळ्ळंदूरच्या गर्दीत ते तासभर समोरच्या मोकळ्या पायपुसणीवर ब्रेक दाबत होते आणि माझे गिअर मोजत होते. घराशी उतरताना म्हणाले, "वाईट नाही चालवलंत. पण कोहळा फोडून घ्या."

गाडी विकायलाही वेळ लागला, कारण घेणाऱ्याने अनवाणी चालवावी अशी अण्णांची अट होती. गिऱ्हाईक येई, अट ऐके आणि जाई. शेवटी एका पुजाऱ्याने घेतली. त्याला सवय होती. अण्णांनी त्याच्याकडून फक्त एक गोष्ट मागून घेतली, आतला मागचे दाखवणारा आरसा. डॉक्टरीणबाईंनी रोज तळवे तपासायला सांगितले होते आणि अण्णांना वाकता येत नव्हते. ते म्हैसूरला मुलीकडे राहायला गेले, तिथे व्हरांड्याच्या भिंतीवर त्यांनी तो आरसा गुडघ्याएवढ्या उंचीवर ठोकला. घरातही चप्पल घालायची असे बाईंनी बजावले होते, आणि ती मात्र त्यांनी निमूट घातली. देव्हारा विकला गेला होता.

मग रोज सकाळी सातला माझ्या फोनवर त्यांच्या तळव्यांचा फोटो येऊ लागला. दोन पाय, आरशात, खाली लिहिलेले, 'रोड क्लिअर, अक्का.' ड्यूटी संपली की कळवायची त्यांची जुनी सवय. मी सुरुवातीला कामाच्या बैठकीत चुकून उघडला तो फोटो आणि पडद्यावर सगळ्यांना दिसला. मग मीही उत्तर देऊ लागले, 'स्लिपवर सही केली.' असे वर्षाहून जास्त चालले. एकदा डाव्या पायाला फोड दिसला, तो आधी मला दिसला, मग त्यांना. मी फोन केला, ते दवाखान्यात गेले, फोड बरा झाला.

यंदाच्या मार्चमध्ये फोटो यायचे थांबले. मी आठ वाजेपर्यंत वाट पाहिली आणि फोन केला. मुलीने उचलला. रात्री झोपेतच हृदय थांबले होते. ती रडत होती, तरी मला मुद्दाम सांगितले, "पाय अगदी चांगले होते, आंटी. एक चरासुद्धा नाही." मी म्हणाले, मला माहीत आहे, कालचा फोटो आहे.

ते फोटो फोनमध्ये अजून आहेत. जागा भरली असे फोन रोज सांगतो. पुसायला वेळ मिळालेला नाही.

हे सगळे त्या रिकाम्या रकान्यापायी लिहून झाले. एसीच्या तक्रारीचा फॉर्म पडद्यावर तसाच उघडा होता. 'त्रास कधीपासून' या प्रश्नापुढे मी 'उन्हाळ्यापासून' लिहिले होते. पाठवला नाही.

मंगळवारी सकाळी चहा न घेता घराजवळच्या तपासणी केंद्रात गेले आणि साखरेसाठी रक्त दिले. तिथल्या कागदावर कारण विचारले होते. मी लिहिले, 'मागचा दिवा लुकलुकतो.' नर्सने ते दोनदा वाचले आणि माझी बाही वर केली.