बाबांनी बोट वर केलं होतं

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सजवळ गवताची एक धावपट्टी आहे. शनिवारी मी तिथून छोटं विमान उडवतो. लायसन्स मिळून तेव्हा वर्षही झालं नव्हतं आणि त्याची मिजास माझ्या अंगात पुरेपूर होती. नागपूरहून आलेल्या बाबांना मी मोठ्या थाटात शेजारच्या सीटवर बसवलं.

उडण्याआधी प्रवाशाला एक गोष्ट सांगायचीच असते: दुसरं विमान दिसलं की लगेच बोला, मी रेडिओवर असलो तरी. एवढ्या खालून उडताना आम्हाला एकमेकांपासून लांब ठेवणारं कुणी नसतं, ज्यानं त्यानं डोळे उघडे ठेवायचे. हे मी सगळ्यांना सांगतो. बाबांना सांगितलं नाही. हेडसेट लावल्यापासून त्यांचं सुरू होतं, "तो राउंडअबाउट बघ, तो तलाव बघ." मी वैतागलो. "बाबा, प्लीज. मी विचारल्याशिवाय बोलू नका." ते लगेच गप्प झाले.

पुढची दहा मिनिटं मला फार बरी वाटली. मी टॅबलेटमध्ये डोकं घालून बसलो होतो. आसपासची विमानं त्यावर दिसतात, पण सिग्नल सोडणारीच. तेवढ्यात जाणवलं, बाबांनी बोट वर केलंय. जन्मभर शाळेत शिकवलेला माणूस, वर्गातल्या पोरासारखं बोट वर करून माझ्या परवानगीची वाट बघत होता. मला वाटलं, आणखी एखादा तलाव असेल. मी त्यांच्याकडे न बघताच हातानं 'थांबा' केलं.

मान वर केली तर समोर पांढरं ग्लायडर. मी विमान उजवीकडे कलंडवलं. ते इतक्या जवळून गेलं की आतल्या माणसाची टोपी दिसली. ग्लायडरला इंजिन नसतं, वाट आम्हीच द्यायची असते.

आम्ही उतरलो. क्लबमध्ये इन्स्ट्रक्टरनी रिपोर्टचा फॉर्म पुढे ठेवला. तो शिक्षेसाठी नसतो, बाकीच्यांनी त्यातून शिकावं म्हणून असतो. "तुमच्यापैकी कुणाला ते आधी दिसलं होतं का?" त्यांनी विचारलं. मी उत्तर जुळवतोय तोवर बाबाच म्हणाले, "माय मिस्टेक, सर. आय सॉ. आय डिड नॉट टेल हिम."

त्यांचं तोंड मी बंद केलं होतं, एवढंच मला सांगायचं होतं. नाही सांगितलं. फॉर्मवर लिहिलं, प्रवाशाला दिसलं होतं, पण त्यांनी सांगितलं नाही. त्यात एकही शब्द खोटा नव्हता, आणि इतकं लाजिरवाणं मी आयुष्यात दुसरं काही लिहिलेलं नाही.

कारमध्ये बाबांनी सीटबेल्ट लावला. मग हळूच म्हणाले, "पुढच्या वेळी असं काही दिसलं, तर तू विचारायच्या आधी बोललो तर चालेल ना रे?"