सहावी गोळी

माझ्या हातून जे काही बरं घडलं, त्याचं श्रेय आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या एनसीसीच्या सरांचं. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. घरात कॉलेज कुणी पाहिलं नव्हतं. इंजिनिअरिंगचा फॉर्म सरांनी भरून घेतला आणि वडिलांच्या सहीसाठी ते स्वतः दुकानात येऊन उभे राहिले. रायफलही त्यांनीच माझ्या हातात दिली. आता त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून मी पत्र लिहितो.

जर्मनीत नेकारसुल्मला नोकरीत स्थिरावल्यावर मी इथल्या नेमबाजी क्लबात जाऊ लागलो. रीतसर परवाना काढून एक जुनं रिव्हॉल्व्हर घेतलं. यंदा क्लबच्या संघात एकच जागा रिकामी होती, आणि माझी सहावी गोळी दर वेळी खाली डावीकडे जात होती. मी सरांना लिहून टाकलं, दोष रिव्हॉल्व्हरमध्ये आहे, तो काढला की निवड नक्की. सरांनी ते पत्र शाळेत वाचून दाखवलं.

ते कळल्यापासून मला चैन पडेना. सिलिंडरमधल्या गोळ्या भरायच्या सहा घरांना मार्करने आकडे घातले, प्रत्येक घराच्या गोळ्या कुठे लागतात त्याचा तक्ता केला आणि तो घेऊन बंदूक दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. त्याने प्रत्येक घराच्या तोंडात मापाच्या पिना घालून पाहिल्या.

"दोन आणि चार अरुंद आहेत. गोळी चेपून निघते. तेवढी दोन मोठी करतो."

"आणि सहा?"

"सहा उत्तम आहे."

"अहो, पण तक्ता बघा ना!"

त्याने चष्मा वर करून तक्ता पाहिला. "आल्झो, हेर इंजिनिअर, सहा नंबर नेहमी शेवटीच झाडलात?"

"हो. क्रमाने. एक ते सहा."

"गेनाऊ, अगदी बरोबर. मग सहाव्या वेळी कोण दमतं, घर की हात?"

कारखान्यात चाचण्यांचा क्रम उलटापालटा करा, असं मी नव्या लोकांना रोज शिकवतो. मला मान वर करवेना.

सिलिंडरवर असं काम झालं की सरकारी तपासणीचा शिक्का लागतो. त्यात महिना गेला. जेवताना, फोनवर बोलताना माझं बोट आपोआप हवेत चाप ओढायचं. बायको म्हणाली, "अरे, निदान चहा तरी दोन्ही हातांनी पी."

निवडीच्या दिवशी मी सहा नंबरच्या घरापासून सुरुवात केली. गोळी मध्यभागी लागली. दोन आणि चारच्या गोळ्याही आता जागेवर लागल्या. शेवटची गोळी पाच नंबरच्या निर्दोष घरातून सुटली आणि खाली डावीकडे गेली. जागा दुसऱ्याला मिळाली. घरी येऊन, बूट काढायच्या आधी, लिहायला बसलो.

"सरांना नमस्कार.

मागच्या पत्रात मी रिव्हॉल्व्हरला दोष दिला होता. दोन घरांचा दोष खरा होता, तो कारागिराने काढला. सहाव्या गोळीचा दोष माझा आहे. संघात माझी निवड झाली नाही. ते पत्र आपण शाळेत वाचलंत, तर हेही वाचावं. पाच गोळ्या बऱ्या लागल्या की सहावी एकदाची संपवावी असं होतं आणि मनगट खाली जातं. ऑफिसच्या कामातही शेवटी माझं असंच होतं. ही घाई कशाची आहे ते मला कळत नाही. आपण मला लहानपणापासून पाहिलं आहे. काही लक्षात आलं असेल तर स्पष्ट लिहावं."