कुसुममावशीच्या नावाची पाटी

ज्या माणसाने एका बाईचं भरल्या खोलीत हसं केलं, तोच ती गेल्यावर तिच्या नावाची पाटी लावायला निघाला, तर तुम्ही टाळ्या वाजवाल का? माझ्या कुसुममावशीच्या जलदान विधीला, विहारात, लोकांनी वाजवल्या. महिना होत आला, त्या टाळ्या माझ्या कानातून जात नाहीत.

मावशी सोलापुरात, होटगी रस्त्यावरच्या एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवायची. तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवेल तेवढ्याच तासांचे पैसे, आणि शेवटपर्यंत तशीच. उंची सातवीतल्या मुलीएवढी. कायम नोकरीच्या मुलाखतीत संस्थेच्या अध्यक्षांनी तिची पदवी पाहिलीच नाही. विचारलं, "बाई, फळ्यापर्यंत हात तरी पोचतो का?" समोरचे सगळे हसले. घरी येऊन मावशीने त्यांची नक्कल केली, आम्हालाही हसवलं, आणि मग न जेवता भिंतीकडे तोंड करून झोपली...

त्यानंतर तिने बेटांवरची माणसं शिकवायला घेतली. इंडोनेशियातल्या एका बेटावर हजारो वर्षांपूर्वी माणसाचे दूरचे भाऊबंद राहत होते. उंचीने तिच्याहूनही लहान, मेंदू मोसंबीएवढा, तरी दगडाची धारदार अवजारं करणारे. दुसऱ्या एका बेटावर मक्याच्या शेतात त्याहूनही जुनी अवजारं निघाली. ती करणाऱ्यांचं एक हाडही अजून हाती लागलेलं नाही. मधला समुद्र त्यांनी कसा ओलांडला, हे कुणालाच नक्की माहीत नाही, हे सांगताना मावशी खुलून जायची. वर्गाला मैदानात पोत्यांवर बसवायची, डोळ्यांना चष्मे लावून काळा दगड फोडायला द्यायची आणि निघालेल्या कपचीने काकडी चिरून सगळ्यांना वाटायची. एकदा एका मुलीने विचारलं, "बाई, ती माणसं तुमच्याएवढीच व्हती व्हय?" मावशी म्हणाली, "माझ्यापेक्षा बुटकी गं. त्यांची मुलाखत कुणी घेतली न्हाय, म्हणून जमलं सगळं."

तेच अध्यक्ष विहारात आले. बाई म्हणजे आमच्या शाळेचं भूषण होत्या, असं म्हणाले आणि नव्या प्रयोगशाळेला तिचं नाव जाहीर केलं. मग आईजवळ येऊन, मुलांनी फोडलेल्या त्या दगडांची टोपली मागितली; काचेच्या कपाटात ठेवणार म्हणे. आई बसल्या जागेवरून हलली नाही.

"जिती असताना खुर्ची दिली न्हाय, आता भिंत देताय व्हय?"

त्यांनी हात जोडले. "ताई, तुम्ही दुःखात आहात. मी मनावर घेत नाही."

मी मात्र घेतलं आहे. मला सूड हवा आहे. मावशी म्हणाली असती, सोड गं. नाही सोडणार. लहानपणापासून चळवळीची पत्रकं वाटत आले आहे, भांडण उघड्यावर कसं करायचं ते मला ठाऊक आहे. त्यांच्या गाडीची काच फोडून माझं समाधान होणार नाही. हसणारे सगळे समोर असताना त्यांची मान खाली गेलेली मला पाहायची आहे.

टोपली आमच्या ओट्याखालीच आहे. परवा आईने ती पुसायला काढली आणि बोट कापून घेतलं. "अजून धार हाय बघ," एवढंच म्हणाली, आणि बराच वेळ बोट नळाखाली धरून उभी राहिली...

पाटीचं अनावरण येत्या रविवारी सकाळी, शाळेच्या आवारात आहे. मावशीने शिकवलेले जे कोणी हे वाचत असाल, ते या. पुढच्या रांगेत बसा. अध्यक्ष दोरी ओढायला उठले की तुम्हीही उठा, आणि मुलाखतीत बाईंना काय विचारलं होतं, ते त्यांच्याच तोंडून माइकवर वदवून घ्या. तोवर पडदा सरकू देऊ नका.